अकरा गाद्या

नाशिकला राहायचं म्हणजे
साऱ्या कुळाचं मरण आपल्या दारावरून जातं.
जळगावहून, डोंबिवलीहून, पार इंदूरहून
तांबड्या फडक्यात बांधलेले कलश यायचे
आणि आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांबाहेर
कडुनिंबाच्या फांदीला रात्रभर टांगलेले असायचे.
घरात आणत नाहीत.
माणसं मात्र आत.

फोन आला की आई एवढंच विचारायची,
"किती जण?"
कोण गेलं, कशानं गेलं, ते नंतर.
आधी गाद्या.
अकरा होत्या. दर दिवाळीआधी
भद्रकालीतल्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायची,
गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर टाकून.

पहाटे चारला बंब पेटायचा.
मग गिझर आला, तोही चारलाच.
रामकुंडाकडे निघालेल्यांना चहा,
परतलेल्यांना पिठलं-भात,
ज्यांना जाता जाता त्र्यंबक आणि वणी उरकायची
त्यांना फडक्यात दशम्या.
शरयूआत्या सासऱ्यांच्या दहाव्याला आली
ती द्राक्षं संपेपर्यंत राहिली.
जाताना आईची जांभळी इरकल नेली,
"तुला कुठं जायचंय, वहिनी!"
खरंच, तिला कुठं जायचं नव्हतं.
जाणारेच तिच्याकडे यायचे.

माघात ती गेली.
मी सत्तावीस फोन केले.
मोजले, सवय तिचीच.
श्रीरंगमामा म्हणाले, "दहाव्याला येतो. डायरेक्ट घाटावर."
डायरेक्ट.
तरी आदल्या रात्री मी दोन्ही खोल्या भरून
अकरा गाद्या घातल्या.
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाबा,
मध्ये नऊ धुतलेल्या चादरी.
पहाटे चारला बाबांनी गिझर लावला,
आणि दोन बादल्यांनंतर
बंद करायचा विसरले.

साडेनऊला घाटावर गाड्या आल्या.
काकांनी पहिलं विचारलं ते पार्किंगचं.
शरयूआत्या तीच इरकल नेसून आली होती,
"मुद्दाम नेसले गं, तिची आठवण."
काठ बदलून घेतला होता.
कावळा लगेच शिवला.
"बघ, कसली इच्छाच उरली नव्हती वहिनींची,"
काका म्हणाले, घड्याळ बघत.
मला वाटलं, तिनंच घाई केली असेल,
पाहुण्यांना उशीर व्हायला नको म्हणून.

पानं वाढली तेव्हा खोळंबलेले सहा जण होते,
त्यात दोघे शेजारचे.
बाकीच्यांचं धरणाकडे कुठल्याशा रिसॉर्टवर बुकिंग होतं,
एवढ्या लांब आलोच आहोत तर.
आत्यानं माझी हनुवटी धरली,
"काही लागलं तर सांग हं."
एक रात्र लागत होती, आत्या.
कुणीतरी मधल्या गादीवर घोरायला हवं होतं,
पाणी मागायला, उशी कडक आहे म्हणून कुरकुरायला.
हे मी सांगणारच होते,
तेवढ्यात काच वर गेली.

पौष लागला.
काल मामांच्या सुहृदचा फोन.
"बाबा गेले गं. रविवारी नाशिकला आणतोय."
मी ओट्यावर उभी. समोर कडुनिंब,
फांदीवर सुतळीचे जुने वळ.
डायरेक्ट घाटावर जा, असं म्हणायचं होतं,
वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य,
जिभेच्या टोकाशी आलेलं.
तोंडातून निघालं,
"किती जण?"

राग गेलेला नाही, तो तसाच आहे.
आत कॉटखालून
बाबांनी पहिली गादी ओढल्याचा आवाज आला.
तिकडे सुहृद आकडा सांगत होता,
मला तो ऐकूच आला नाही.